चेंडूला हात न लावणारे



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य झाले, अर्थकारण झाले, शेती झाली, नाटक झाले. खेळ फारसा आलेला नाही, आणि अमेरिकन फुटबॉल तर मुळीच नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी हा खेळ एक तर इंग्रजी सिनेमात पाहिला असेल, नाहीतर मुलाकडे किंवा लेकीकडे अमेरिकेला गेल्यावर त्यांच्या दिवाणखान्यात. शिरस्त्राणे घातलेली, खांदे फुगवलेली माणसे एकमेकांवर आदळतात, ढीग होतो, शिट्टी वाजते आणि पुढचे अर्धे मिनिट कोणीच काही करत नाही. जावई हौसेने नियम समजावतो. दोन रविवार आपण माना डोलावतो, तिसऱ्या रविवारी शब्दकोडे काढून बसतो.

तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला. ज्या कामाची कुठेच नोंद होत नाही, त्या कामाची साक्ष द्यायची कोणी, हा माझा प्रश्न आहे. त्या प्रश्नाचे एक ठसठशीत उत्तर मला या परक्या खेळात सापडते. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते क्रीडाशिक्षक होते. त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही करंडक नाही, त्यांच्या विद्यार्थ्यांच्या नावावर पुष्कळ आहेत. हा विषय त्यांना परका वाटला नसता.

आज मी डॅन डिअरडॉर्फ या माणसाविषयी बोलणार आहे. तेरा वर्षे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये लाइनमन म्हणून खेळला आणि त्यानंतर सुमारे चार दशके माइकसमोर बसला.

आधी खेळ थोडक्यात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमले तर चेंडू समोरच्यांकडे. क्वार्टरबॅक हा या बाजूचा सूत्रधार. तो चेंडू घेतो, पळणाऱ्याच्या हातात देतो किंवा पुढे धावणाऱ्या साथीदाराकडे फेकतो. टीव्हीवर आपल्याला दिसतो तो एवढाच भाग.

या क्वार्टरबॅकच्या पुढ्यात पाच धिप्पाड माणसे ओळीने उभी असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे गार्ड आणि दोन टोकांचे टॅकल. हेच ते लाइनमन. सेंटर दोन पायांमधून चेंडू मागे देतो, बस. चेंडूशी या पाचांचा संबंध तिथे संपतो. पुढे फेकलेला पास झेलायला एरवी त्यांना नियमानेच बंदी आहे. त्यांनी समोरून चाल करून येणाऱ्यांना अडवायचे, पळणाऱ्यासाठी वाट फोडायची आणि क्वार्टरबॅकला तीनेक सेकंद मिळवून द्यायचे. ही तीन सेकंद म्हणजे त्यांची कमाई.

आता हिशेबाकडे पाहा. अमेरिकन माणूस आकड्यांचा भारी शौकीन. पळणारा किती यार्ड पळाला, झेलणाऱ्याने किती झेलले, क्वार्टरबॅकचे किती पास पोचले, सगळे लिहिलेले असते. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला आडवा केला, तर त्याला सॅक म्हणतात. कोणत्या बचावपटूने किती सॅक केले, याची अधिकृत नोंद लीगने १९८२ पासून ठेवायला सुरुवात केली. म्हणजे अडवणाऱ्याला चकवणाऱ्याचा हिशेब सुरू झाला, अडवणाऱ्याचे खाते कोरेच राहिले. लाइनमनचा नंबर सगळ्या स्टेडियमला ऐकू येतो तो बहुधा एकाच कारणाने. त्याने समोरच्याला धरून ठेवले, पंचाने पिवळा रुमाल टाकला, होल्डिंग दिले आणि संघ दहा यार्ड मागे गेला. नाव निघते ते गुन्ह्यासाठीच.

अशा जागेवर डिअरडॉर्फ खेळला. जन्म २९ जून १९४९ चा, ओहायो राज्यातल्या कँटन गावचा. या खेळात कँटनला पंढरीचा मान आहे. आजची नॅशनल फुटबॉल लीग ज्या बैठकीतून निघाली, ती १९२० मध्ये इथल्याच एका मोटारींच्या दुकानात भरली होती. व्यावसायिक फुटबॉलचे 'हॉल ऑफ फेम', म्हणजे थोर खेळाडूंचे स्मृतिमंदिर, इथेच १९६३ मध्ये उघडले. तेव्हा डिअरडॉर्फ चौदा वर्षांचा होता. याच गावचा ॲलन पेज हा बचावातला लाइनमन तरुणपणी त्या इमारतीच्या बांधकामावर मजुरीला होता. पुढे पेजही त्या मंदिरात गेला, शिवाय वकिली शिकून मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाला. लाइनमन म्हणजे नुसते मांस, असे समजणाऱ्यांनी एवढे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

डिअरडॉर्फ मिशिगन विद्यापीठाकडून खेळला. १९६९ मध्ये बो शेम्बेक्लर हा कडक शिस्तीचा प्रशिक्षक तिथे आला आणि त्याच हंगामात मिशिगनने अजिंक्य ओहायो स्टेटला २४-१२ असे हरवले. ओहायोत वाढलेला मुलगा मिशिगनकडून ओहायोविरुद्ध जिंकतो, यातली खुमारी त्या दोन राज्यांच्या लोकांनाच कळते. १९७१ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्सने त्याला दुसऱ्या फेरीत, एकूण त्रेचाळिसाव्या क्रमांकावर निवडले. तेरा हंगाम, १६० सामने, सगळे याच एका संघाकडून. सहा वेळा तो प्रो बोल या मानाच्या सामन्यासाठी निवडला गेला. उंची सहा फूट तीन इंच, वजन सुमारे १२५ किलो. आजच्या लाइनमनपुढे तो सडपातळ वाटेल, कारण आता १३६ किलोंच्या खाली फारसे कोणी दिसत नाही.

१९७० च्या दशकात कार्डिनल्सचे प्रशिक्षक होते डॉन कोर्येल. चेंडू हवेतून फेकत राहायचा हे त्यांचे तत्त्व. पण हवेतला खेळ करायचा तर जमिनीवर कोणीतरी पाय रोवून उभे राहावे लागते. जिम हार्ट हा त्यांचा क्वार्टरबॅक पळण्यात काही तरबेज नव्हता. तो उभा राहून फेकणारा माणूस, म्हणजे त्याचा जीव या पाच जणांच्या हाती. १९७५ च्या हंगामात, चौदा सामन्यांत मिळून, कार्डिनल्सने फक्त ८ सॅक होऊ दिले. तेव्हाचा तो विक्रम. पुढे १९८८ मध्ये मायामीने तो ७ वर आणला. पण हा ८ चा आकडाही पाच जणांचा मिळून आहे. त्यात डिअरडॉर्फचा वाटा किती, सेंटर टॉम बँक्सचा किती, गार्ड कॉनरॅड डोब्लरचा किती, हे कोणत्याही तक्त्यात सापडणार नाही. खेळाडूंच्या संघटनेने मात्र १९७६ ते १९७८ अशी सलग तीन वर्षे लीगमधला सर्वोत्तम अडवणारा म्हणून डिअरडॉर्फची निवड केली. या निवडीला मी आकड्यांपेक्षा जास्त किंमत देतो. ज्यांनी अंगावर घेतले त्यांची ती साक्ष होती.

त्याच्या शेजारी उभा राहणारा डोब्लर ही एक वेगळीच वल्ली. १९७७ मध्ये 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड' साप्ताहिकाने मुखपृष्ठावर छापले की हा व्यावसायिक फुटबॉलमधला सर्वांत रांगडा, घाणेरडा खेळाडू. चावणे, बोचकारणे, पाय ओढणे, असे सगळे आरोप त्याच्यावर होते आणि तो ते फारसे नाकारतही नसे. लाइनमन प्रसिद्ध व्हायचा तर त्याला असे काहीतरी व्हावे लागे. डिअरडॉर्फ शेजारी उभा राहून नियमात बसणारे काम करत होता, म्हणून त्याची मुखपृष्ठे झाली नाहीत.

हे काम म्हणजे नेमके काय, ते जरा जवळून पाहू. १९७७ च्या आधीचा काळ घ्या. उजवा टॅकल एक हात जमिनीला टेकून वाकलेला आहे. त्याच्यासमोर तितकाच जड, पण पळायला चपळ बचावपटू. चेंडू कितव्या हाकेला सुटणार हे टॅकलला माहीत आहे, समोरच्याला नाही. हा अर्ध्या क्षणाचा फायदा एवढेच त्याचे भांडवल. चेंडू सुटताच तो पुढे धावत नाही, उलटा मागे सरकतो, बाहेरच्या पायाने घसटत, कंबर खाली ठेवून. समोरचा बाहेरून वळसा घालील, आत शिरेल किंवा सरळ छातीवर येईल. तिन्हींपैकी काय ते ठरवायला वेळ नाही, म्हणून तिन्ही वाटांच्या मध्ये राहायचे. हात? त्या काळी पास अडवताना हात लांब करायला मनाई होती. मुठी छातीशी धरून अंगानेच अडवायचे. समोरच्याला मात्र उघड्या तळव्याने याच्या शिरस्त्राणावर, कानाजवळ फाडकन मारायची मुभा होती. त्याला 'हेड स्लॅप' म्हणत, आणि लॉस एंजेलिस रॅम्सचा डीकन जोन्स त्यासाठी कुप्रसिद्ध होता. कान बधिर झालेला, हात छातीशी, आणि तोल जाता कामा नये. असे सामन्यात पुन्हा पुन्हा.

लीगने १९७७ मध्ये हेड स्लॅपवर बंदी आणली. १९७८ मध्ये पास अडवताना हात लांब करण्याची, तळवे उघडे ठेवण्याची परवानगी दिली. लाइनमनची दया येऊन हे झाले नाही. प्रेक्षकांना जास्त पास आणि जास्त गुण हवे होते. तरी त्यामुळे डिअरडॉर्फच्या ऐन भरातल्या वर्षांचा अर्थ लावताना हे ध्यानात ठेवावे लागते की त्यातली बहुतेक वर्षे त्याने जुन्या, जाचक नियमांत काढली.

आता माझ्या विषयाचा गाभा. लोकांची समजूत अशी की लाइनमन मुका, आडदांड. प्रत्यक्षात मैदानावरचा सर्वांत बोलका घोळका हाच असतो. चेंडू सुटण्याआधी सेंटर समोरची रचना वाचतो आणि कोणी कोणाला घ्यायचे ते ओरडून सांगतो. गार्ड ते टॅकलला कळवतो. समोरचे दोघे फसवाफसवी करतात, बाहेरचा आत घुसतो, आतला त्याच्या मागून बाहेर वळतो. अशा वेळी गार्ड आणि टॅकल यांना क्षणात आपापली माणसे बदलून घ्यावी लागतात. एक शब्द, एक कोपराचा स्पर्श, झाली अदलाबदल. शब्द उशिरा आला तर क्वार्टरबॅक जमिनीवर. आठवडाभर हे पाच जण अंधाऱ्या खोलीत मागच्या सामन्यांच्या फिती पुढेमागे करून पाहतात आणि समोरचा पाय कसा टाकतो यावर वाद घालतात. थोडक्यात, पाहायचे, वाचायचे आणि कमीत कमी शब्दांत दुसऱ्याला सांगायचे, हीच त्यांची नोकरी. समालोचकाची नोकरी याहून वेगळी ती काय?

तरीही समालोचन कक्षात लाइनमनला जागा मिळायला वेळ लागला. एबीसी वाहिनीने १९७० मध्ये 'मंडे नाइट फुटबॉल' सुरू केले आणि सोमवारची रात्र फुटबॉलच्या नावे झाली. पहिल्या संचात हॉवर्ड कोसेल हा वकिली शिकलेला वाचाळ पत्रकार, कीथ जॅक्सन हा धावते वर्णन करणारा आणि डॉन मेरेडिथ हा माजी क्वार्टरबॅक होता. १९७१ मध्ये फ्रँक गिफर्ड आला, तोही चेंडू घेऊन पळणारा नामवंत. १९७४ मध्ये मात्र डेट्रॉइट लायन्सचा बचावातला लाइनमन ॲलेक्स कॅरस तिथे बसला. जुगाराच्या प्रकरणात १९६३ चा हंगाम बाहेर काढलेला हा गडी विनोदी होता. त्याच वर्षी 'ब्लेझिंग सॅडल्स' या सिनेमात घोड्याला ठोसा मारून आडवा करणारा मोंगो त्याने रंगवला. तीन हंगामांनी तो अभिनयाकडे गेला. त्याचे नाव झाले ते गमतीदार माणूस म्हणून. लाइनचा खेळ समजावून सांगणारा म्हणून नव्हे.

मर्लिन ओल्सनचे वेगळे. रॅम्सच्या बचावातल्या गाजलेल्या चौकडीतला हा शांत लाइनमन चौदा वेळा प्रो बोलला निवडला गेला. निवृत्तीनंतर तो एनबीसीवर डिक एनबर्गच्या शेजारी बसला आणि सौम्य, अभ्यासू विश्लेषक म्हणून नावारूपाला आला. 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' या मालिकेत त्याने रंगवलेला शेजारी घराघरांत पोचला. हाच एनबर्ग पुढे सीबीएसवर डिअरडॉर्फचा जोडीदार झाला, हा एक सुंदर योग.

आणि जॉन मॅडन. अनेकांना तो प्रशिक्षक म्हणून आणि त्याहून जास्त व्हिडिओ गेममुळे माहीत आहे. पण मुळात तो लाइनमनच होता. फिलाडेल्फिया ईगल्सने १९५८ मध्ये त्याला निवडले, सराव शिबिरात गुडघा गेला, आणि एकही सामना न खेळता त्याची कारकीर्द आटोपली. दुखऱ्या गुडघ्यावर उपचार घेता घेता तो क्वार्टरबॅक नॉर्म व्हॅन ब्रॉकलिनच्या शेजारी बसून फिती पाहायला शिकला. १९८२ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्याने पडद्यावर पांढऱ्या रेघा ओढून डाव उलगडून दाखवला, तेव्हा त्या रेघा बऱ्याचदा लाइनमनांभोवती असत. चिखलात लोळलेल्या, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या माणसांवर त्याचे प्रेम होते. प्रेक्षकाची नजर चेंडूवरून हटवून लाइनवर नेण्याचे काम त्याने सुरू केले. डिअरडॉर्फ त्या वाटेने गेला.

पण आधी त्याची मैदानावरची उरलेली वर्षे. १९७७ मध्ये डिअरडॉर्फचा जबडा मोडला आणि तो दोन सामने बाहेर राहिला. १९७९ मध्ये गुडघा निखळला, जवळजवळ सगळा हंगाम हातचा गेला. १९८० मध्ये परत येऊन तो पुन्हा प्रो बोलला निवडला गेला. संघाची गरज म्हणून १९८२ मध्ये टॅकलची जागा सोडून सेंटर झाला. १९८३ चा हंगाम हा शेवटचा. त्याच्या कारकिर्दीत कार्डिनल्सने बाद फेरीचा एकही सामना जिंकला नाही. सुपर बोलचे मैदान त्याने खेळाडू म्हणून कधी पाहिलेच नाही.

खेळ सोडल्यावर समालोचक म्हणून त्याला पहिली जागा मिळाली ती रेडिओवर, सेंट लुईसच्या केएमओएक्स केंद्रात. त्याने फुटबॉलबद्दल बोलावे यात नवल नाही, पण तो आइस हॉकीच्या सामन्यांतही समालोचक म्हणून बसला. रेडिओने त्याला एक मोठी गोष्ट शिकवली असणार. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही, चेंडूही नाही आणि लाइनही नाही. म्हणजे तिथे पळणारा आणि अडवणारा एका पातळीवर येतात, आणि शब्दांनी दाखवाल तेवढेच दिसते. मग १९८५ मध्ये सीबीएस, आणि १९८७ मध्ये थेट मंडे नाइट फुटबॉल. अल मायकल्स, फ्रँक गिफर्ड आणि डॅन डिअरडॉर्फ हे त्रिकूट १९९७ पर्यंत टिकले. डिअरडॉर्फ तिथे बारा हंगाम होता.

त्याचा पहिला सुपर बोल समालोचक म्हणून आला, ३१ जानेवारी १९८८ रोजी सॅन डिएगोत. वॉशिंग्टनविरुद्ध डेन्व्हर. पहिल्या सत्रात डेन्व्हर १०-० ने पुढे. दुसऱ्या सत्रात वॉशिंग्टनने तब्बल ३५ गुण केले आणि सामना ४२-१० असा जिंकला. इतिहासात हा सामना डग विल्यम्ससाठी नोंदला आहे. सुपर बोल जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, आणि तो मान रास्तच आहे. पण त्याच सामन्यात टिमी स्मिथ नावाचा नवखा खेळाडू २०४ यार्ड पळाला. त्याआधी आणि त्यानंतर त्याने विशेष काही केले नाही. मग हे २०४ यार्ड आले कुठून? वॉशिंग्टनच्या लाइनला तिचे प्रशिक्षक जो ब्यूगल कौतुकाने 'हॉग्ज', म्हणजे डुकरे, म्हणत. त्यांचा हुकमी डाव असा की सगळी लाइन एका बाजूला पाऊल टाकते, बचाव तिकडे झुकतो, आणि तेवढ्यात मागच्या बाजूचा गार्ड आणि टॅकल ओळीमागून पळत उलट्या बाजूला येतात आणि तिथे वाट फोडतात. चेंडूवर नजर ठेवणाऱ्याला दिसते की मुलगा मोकळ्यातून पळाला. ते मोकळे रान कोणी केले, हे सांगायला जाणकार लागतो. मैदानावर लाइनचा पराक्रम आणि माइकवर लाइनचा माणूस, असे त्या दिवशी जुळून आले होते. त्या हॉग्जपैकी मार्क मेही पुढे टीव्हीवर विश्लेषक झाला.

समालोचकाला वेळ किती मिळतो? शिट्टी वाजल्यापासून पुढचा चेंडू सुटेपर्यंत पंचवीस-तीस सेकंद. त्यात मुख्य निवेदकाचे वाक्य संपायचे, बाहेर उभ्या ट्रकमधला दिग्दर्शक पुनर्दर्शन लावणार, ते एका नजरेत वाचायचे, आणि घरात बसलेल्या बाईमाणसांना, मुलांना कळेल असे दोन वाक्यांत सांगून थांबायचे. त्यातही अडचण ही की कॅमेरा चेंडूच्या मागे जातो. प्रशिक्षक ज्या फिती पाहतात, त्यांत वरून बावीसच्या बावीस खेळाडू दिसतात. पण त्या फिती सामान्य प्रेक्षकाला पाहायला मिळू लागल्या त्या २०१२ मध्ये. तोवर लाइनमध्ये काय घडले याचा पुरावा प्रेक्षकाकडे नव्हता. त्याला समालोचकाच्या शब्दावर विसंबावे लागे.

डिअरडॉर्फवर टीकाही झाली, आणि ती सांगितलीच पाहिजे. तो फार बोलतो, डोळ्यांना दिसते तेही समजावून सांगत बसतो, असे टीव्हीचे समीक्षक म्हणत. यात तथ्य होते. रेडिओवर घडलेला आवाज चित्राला मोकळी जागा द्यायला कचरतो. ओल्सन मोजके बोले, मॅडन खळखळून हसवे. डिअरडॉर्फ या दोघांच्या मध्ये, काहीसा वकिलासारखा, आपल्या पक्षाची बाजू लावून धरणारा. मला त्याच्यातला वकील आवडतो. ज्यांना नोंदवहीत खाते नाही त्यांना वकील लागतोच.

१९९९ पासून तो सीबीएसवर होता. १९९६ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले, त्याच्याच गावात. २००८ मध्ये त्याच संस्थेचा प्रसारणासाठीचा पीट रोझेल पुरस्कार मिळाला. खेळाडू म्हणून हॉल ऑफ फेममध्ये आणि प्रसारणासाठीही हा पुरस्कार, असा दुहेरी मान मोजक्यांच्या वाट्याला आला आहे. फ्रँक गिफर्ड हा त्यातला आणखी एक. जानेवारी २०१४ मध्ये न्यू इंग्लंड आणि इंडियानापोलिस यांच्यातल्या बाद फेरीच्या सामन्यानंतर डिअरडॉर्फने दूरचित्रवाणीचा निरोप घेतला. कारण आवाज थकला हे नव्हते. दोन्ही नितंबांचे सांधे आणि दोन्ही गुडघे बदललेले, दर आठवड्याला विमानतळ आणि स्टेडियमचे जिने त्याला झेपेनात.

इथे माझ्या विषयाची दुसरी बाजू येते. लाइनमनच्या कामाची नोंद कागदावर होत नाही, पण शरीरावर होते. पिट्सबर्ग स्टीलर्सचा थोर सेंटर माइक वेबस्टर २००२ मध्ये, पन्नासाव्या वर्षी गेला. शेवटची वर्षे त्याने गोंधळलेल्या, हलाखीच्या अवस्थेत काढली. शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांना त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारा आजार आढळला. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला आणि लीगला हादरा बसला. ॲलेक्स कॅरसने २०१२ मध्ये इतर माजी खेळाडूंबरोबर लीगवर दावा लावला. त्याला स्मृतिभ्रंश झाला होता, आणि त्याच वर्षी तो गेला. गिफर्ड २०१५ मध्ये गेला. त्याच्याही मेंदूत तोच आजार होता, हे त्याच्या कुटुंबीयांनी जाहीर केले. म्हणजे मंडे नाइटच्या त्या एकाच खुर्चीच्या आसपास बसलेल्या माणसांपैकी दोघांची ही कथा.

समालोचन कक्षाचा हिशेब इथे चुकता होत नाही. कित्येक वर्षे तिथून दुखापत सोसून खेळणाऱ्याचे गोडवे गायले गेले. डोके बधिर झालेला खेळाडू पुन्हा मैदानात आला की 'काय जिगर' असे म्हटले गेले. वाहिनी लीगला प्रचंड पैसे मोजून हक्क घेते आणि समालोचक वाहिनीचा पगारी असतो. अशा वेळी स्वतः मार खाल्लेल्या माणसाचे कर्तव्य दुहेरी होते. त्या कामातले कौशल्य सांगायचे आणि त्या कामाची किंमतही सांगायची. डिअरडॉर्फच्या पिढीने पहिले काम उत्तम केले. दुसरे उशिरा, आणि पुष्कळसे स्वतःच्या लंगडत्या चालीतून केले. त्यांना दोष देऊन मी मोकळा होत नाही, कारण त्या काळी डॉक्टरांनाही पुरते कळलेले नव्हते. पण आजच्या समालोचकाला ती सबब नाही.

आज परिस्थिती बदलली आहे. फिलाडेल्फियाचा सेंटर जेसन केल्सी सहाव्या फेरीत, १९१ व्या क्रमांकावर निवडला गेलेला. तेरा हंगाम खेळून मार्च २०२४ मध्ये निवृत्त झाला आणि ईएसपीएन वाहिनीवर गेला. त्याआधीच धाकटा भाऊ ट्रॅव्हिस याच्याबरोबर त्याने २०२२ मध्ये पॉडकास्ट सुरू केला होता. फेब्रुवारी २०२३ च्या सुपर बोलमध्ये हे दोघे भाऊ एकमेकांविरुद्ध खेळले. खेळत असतानाच लाइनमन स्वतःच्या आवाजात, कोणा वाहिनीच्या परवानगीशिवाय लाखो लोकांशी बोलतो, हे डिअरडॉर्फच्या काळात शक्य नव्हते.

स्वतः डिअरडॉर्फ मात्र दूरचित्रवाणी सोडल्यावर रेडिओवर परतला. २०१४ पासून २०२१ च्या हंगामापर्यंत त्याने मिशिगन विद्यापीठाच्या सामन्यांचे समालोचन केले, आणि शेजारी होता जिम ब्रँडस्टॅटर, विद्यापीठातला त्याचा जुना सहकारी. तोही टॅकलच! दोन टॅकल, दोन माइक आणि डोळ्यांसमोर चित्र नसलेले श्रोते. लाइनमनला याहून योग्य व्यासपीठ मला सुचत नाही.

माझा निष्कर्ष साधा आहे. आकडे खेळाची स्मृती ठेवतात, पण ज्याचा आकडा नसतो त्याची स्मृती शब्दच ठेवतात. आणि ते शब्द त्या कामात हात घातलेल्या माणसाचे असले तरच खरे उतरतात. बाहेरच्याला लाइनमन म्हणजे भिंत दिसते. आतल्याला त्या भिंतीतला प्रत्येक दगड नावानिशी माहीत असतो.

आता शेवटची विनंती, आपल्याकडच्या खेळांच्या आयोजकांना. महाराष्ट्रात कबड्डीच्या स्पर्धा आता गावोगाव प्रकाशझोतात, ध्वनिवर्धक लावून होतात आणि मोबाइलवर थेट दाखवल्या जातात. माइक बहुतेक वेळा उत्साही निवेदकाच्या हातात असतो आणि त्याचा सगळा जोर चढाईपटूवर. पकड कोणाच्या नावावर लागली ते तरी कळते. पण साखळीतल्या दुसऱ्याने हात घट्ट धरून वाट कशी बंद केली, हे सांगायला तिथे उभा राहिलेला माणूस लागतो. तुमच्या तालुक्यात असा एखादा निवृत्त कोपरारक्षक नक्की असेल, गुडघे गेलेला, बोलायला संकोचणारा. पुढच्या स्पर्धेत निवेदकाच्या शेजारी त्याच्यासाठी एक खुर्ची ठेवा आणि प्रत्येक पकडीनंतर दोन वाक्ये त्याला बोलू द्या. आणि मानधन देताना त्याच्या गुडघ्यांची चौकशीही करा.